निब सुटी मिळत नाही! कुंभारीतल्या एका जपानी पेनाची गोष्ट

बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी आणि ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटणाऱ्यांसाठी हा या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जिथं अडखळले तेवढं गाळलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आजची गोष्ट सुरू होते एका पडलेल्या पेनापासून.

माझ्याकडे एक जपानी शाईपेन आहे. पायलट कंपनीचं, नाव काकुनो. २०१३ साली हे पेन बाजारात आलं ते मुख्यतः लहान मुलांसाठी. निबवर एक हसरा चेहरा कोरलेला असतो. लिहिताना तो चेहरा वर, आपल्याकडे बघत असला की समजायचं, पेन बरोबर धरलंय. मी काही लहान नाही, पण रात्री नोट्स काढताना तो चेहरा समोर असला की बरं वाटायचं. एका रात्री झोप अनावर झाली, पेन हातातून सुटलं आणि फरशीवर नेमकं टोकावर पडलं. निबची दोन पाती कात्रीसारखी एकमेकांवर चढली. कागदावर टेकवलं की ओरखडा उठायचा, शाई काही उतरत नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेन घेऊन सोलापूर गाठलं. दुकानातल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवून ते निरखून बघितलं आणि म्हणाले, "याची निब सुटी येत नाही बाळ. नवीन पेन घे." मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "आमच्या वेळी निब सुटी मिळायची. डब्यानं यायच्या. पोरं परीक्षेच्या आधी येऊन बदलून घ्यायची."

येताना कुंभारीच्या गाडीत एकच विचार डोक्यात. पन्नास वर्षांपूर्वी शाळकरी पोराला जे सहज मिळायचं, ते मला आज का मिळत नाही? पेनं तर आता जास्त चांगली आहेत. मग निब गेली कुठं?

म्हणून हा भाग.

निब आपली आपण कापायची

आधी थोडं मागे जाऊ. आपल्याकडे शेकडो वर्षं लिहिणं चालायचं ते बोरूनं. बोरू म्हणजे वेताची नाहीतर बांबूची लेखणी. टोक चाकूनं तिरकं छाटायचं, मधे बारीक चीर द्यायची, दौतीत बुडवायची आणि लिहायचं. टोक बोथट झालं की पुन्हा चाकू घ्यायचा. म्हणजे 'निब बदलणं' हे काम लिहिणाऱ्याच्याच हातात. त्यासाठी दुकान लागत नव्हतं.

त्या तिरक्या छाटीनंच आपल्या अक्षराला जाड-बारीक वळण दिलं. जुनी पोथी बघा, एकाच अक्षरात एक रेघ भरदार आणि दुसरी नाजूक दिसेल. ती लेखणीच्या टोकाची रुंदी आहे. मोडी लिपीत हात उचलावाच लागू नये अशी अक्षरं जोडली गेली, कारण दप्तरात लिहिणाऱ्याला वेग हवा होता. आणि दिवसभर कागद काळे करणाऱ्या कारकुनाला आपल्या भाषेनं चेष्टेनं नाव दिलं, बोरूबहाद्दर!

एकोणिसाव्या शतकात इंग्रजी राज्याबरोबर टाक आला. लाकडी दांडी आणि तिच्यात खोचायची पोलादाची निब. त्या काळी निबांची जगातली सगळ्यात मोठी पेठ होती इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम. पोलादाचा पत्रा दाबून, भोक पाडून, वाकवून, चीर देऊन तिथं निबा तयार व्हायच्या आणि बोटीनं जगभर जायच्या. इथं एक गोष्ट गुपचूप बदलली. टाकाची निब झिजली की ती फेकायची आणि नवी खोचायची. काम सोपं झालं, पण चाकूनं टोक करायचं कसब हातातून सुटलं. निब आता विकत घ्यायची वस्तू झाली आणि ती साता समुद्रापलीकडून यायची.

मग फाउंटन पेन आलं. १८८४ साली अमेरिकेत लुइस वॉटरमननं पेटंट घेतलं. त्याची करामत होती निबच्या खालच्या भागात. आपण त्याला पेनाची जीभ म्हणतो. तिच्यावर केसासारख्या बारीक खाचा असतात. त्या खाचांतून शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते. दोन्हींचा हिशेब जमला तरच पेन चालतं. हवा जास्त गेली तर डाग पडतो, कमी गेली तर पेन सुकतं. निब आणि जीभ ही जोडी म्हणजे पेनाचं हृदय. बाकी सगळी नळी आणि टोपण.

जपानी माणसाला निबच का हवी होती?

आता जपानकडे जाऊ, कारण माझं पेन तिथलं आहे. आणि गंमत म्हणजे जपानसुद्धा तेव्हा आपल्यासारखंच परदेशी पेनांचं गिऱ्हाईक होतं. तिथं तर माणसं ब्रशनं लिहायची. पण आधुनिक शाळा, बँका, कचेऱ्या आल्या आणि त्यांना फाउंटन पेन लागायला लागलं.

१९११ साली हिरोशिमाजवळच्या कुरे या बंदराच्या गावी क्युगोरो साकाता यांनी पेनांचं काम सुरू केलं. तीच आजची सेलर. १९१९ साली प्लॅटिनमची सुरुवात झाली. आणि या दोघांच्या मधे, १९१८ साली, र्योसुके नामिकी आणि मासाओ वादा यांनी कंपनी काढली. नामिकी जहाजावरचे इंजिनिअर, पुढं नौकानयनाच्या शाळेत शिक्षक. म्हणून पेनाचं नाव पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा. १९३८ मध्ये कंपनीचंही नाव तेच झालं.

पण कंपनी काढण्याआधी नामिकींनी काय केलं, ते महत्त्वाचं आहे. त्यांनी आधी निब केली. १९१६ मध्ये १४ कॅरेट सोन्याची. सोनं कशाला? तर शाई आम्लधर्मी असते, पोलाद खाते. सोन्याला काही होत नाही. पण सोनं मऊ, कागदावर घासून लगेच झिजणार. म्हणून टोकावर इरिडियम-ऑस्मियमसारख्या अतिशय कडक धातूचा कण जोडतात. मोहरीपेक्षाही बारीक. त्यासाठी लागणारा धातू जपानला घरातच सापडला. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या नद्यांच्या वाळूत.

आणि जपानी निबा इतक्या बारीक का, याचंही कारण त्यांच्या लिपीत आहे. त्यांच्यात उदासपणा दाखवणारं एक कांजी अक्षर आहे, त्यात २९ रेघा. वहीच्या एका चौकोनात २९ रेघा बसवायच्या तर जाड निबनं नुसता काळा ठिपका होईल. म्हणून जपानी कंपनीची 'फाइन' निब युरोपातल्या 'एक्स्ट्रा फाइन'च्या जवळ जाते.

पुढं चीनशी युद्ध पेटलं आणि जपानमध्ये निबसाठी सोनं वापरायला बंदी आली. कारखाने बंद पडले का? नाही. ते पोलादाच्या निबा करायला लागले. निब कशी करायची हे एकदा हाताला माहीत असलं की धातू बदलता येतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

वर्ध्याला पोचलेलं पेन

त्याच काळात आपल्याकडे स्वदेशीची हवा होती. आमच्या सोलापूरला ती सांगायला नको. मे १९३० मधला मार्शल लॉ आणि १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे आम्हाला शाळेपासून माहीत आहेत. त्याच १९३१ साली मुंबईत गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांच्या भावानं शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. घोडा छाप. पुढं त्यातूनच कॅमल शाई आणि कॅम्लिन. म्हणजे शाई आपली झाली.

आणि पेन? आंध्रात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम नावाचे सोनार होते. १९२१ मध्ये गांधीजींनी त्यांना सुचवलं की टाचणीपासून पेनापर्यंत काहीतरी देशी बनवा. रत्नमनी पेन मनावर घेतलं. १९३४ च्या शेवटी वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला होता, जे. सी. कुमारप्पा त्याचं काम बघत. त्यांच्यामार्फत रत्नम यांचं पेन गांधीजींकडे पोचलं. १६ जुलै १९३५ ला गांधीजींनी वर्ध्याहून रत्नमना पत्र लिहून कळवलं की पेन वापरून बघितलं, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडतं सांगू? हे काम एका सोनारानं केलं. निब ही शेवटी सोनारकामच आहे. पातळ पत्रा, बारीक चीर, आणि डोळ्याला भिंग.

पण असे रत्नम किती असणार? कापडाला सोलापूर होतं, मुंबई होती. निबला आपल्याकडे तसं गाव नव्हतं.

निबचं गाव

ते गाव पुढं झालं. तामिळनाडूत शिवकाशीजवळ सात्तूर म्हणून गाव आहे, आजच्या विरुधुनगर जिल्ह्यात. तिथं निब करण्याचा धंदा वाढला. मोठी गिरणी नाही, लहान लहान कारखाने आणि हातानं चालवायची यंत्रं. स्वातंत्र्यानंतर परदेशी मालावर बंधनं आली, शाळा वाढल्या, प्रत्येक पोराच्या खिशात शाईपेन आलं, आणि सात्तूरच्या निबा देशभर जायला लागल्या. त्याच सुमारास मद्रासमध्ये पायलट नावाची पेनंही बनत होती. साठच्या दशकात त्या नावावरून तिथं कोर्टकज्जासुद्धा झालाय.

आता त्या दुकानातल्या काकांच्या डब्याचं कोडं सुटतं. शाळेच्या स्वस्त पेनाची निब साध्या पोलादाची असायची. टोकावर कडक धातूचा कण परवडायचा नाही, म्हणून पत्र्याचंच टोक दाबून गोल करायचे. ते लवकर झिजायचं. वर शाई आम्लधर्मी, ती पोलाद कुरतडायची. म्हणजे निब खराब होणार हे ठरलेलंच. म्हणून ती सुटी मिळायची, म्हणून स्वस्त असायची आणि म्हणून शाळकरी पोराला ती बदलता यायची. ते कसब नव्हतं, गरज होती. पण गरजेतूनच पेन आतून कसं असतं हे एका अख्ख्या पिढीला कळलं.

मग बॉलपेन आलं. मास्तर लोकांनी बरीच वर्षं थोपवून धरलं, अक्षर बिघडतं म्हणून. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात ते सगळीकडे झालं. डाग नाही, दौत नाही, गळती नाही. संपलं की रिफील बदला. पुढं तर रिफीलसुद्धा कोणी बदलेना, पेनच टाकायला लागले. आणि निब करणाऱ्या गावाचं काम आटत गेलं.

मी हे वाचत होते तेव्हा बाजूला आई विड्या वळत होती.

आमचं घर गोदूताई परुळेकर वसाहतीत आहे. बाहेरच्यांना माहीत नसेल तर सांगते. विडी कामगार बायकांची ही सहकारी वसाहत, १०,००० घरांची. २००६ मध्ये चाव्या मिळाल्या. पुढं कुंभारीतच रे नगर झालं, ३०,००० घरांचं, त्यातली १५,००० जानेवारी २०२४ मध्ये दिली गेली. इथं गल्लीतून चाललात तर मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी सगळं कानावर पडतं आणि दारोदारी मांडीवर सूप दिसतं. तेंदूचं पान, कात्री, तंबाखू, दोरा. हजार विड्या म्हणजे हजार वेळा तीच बोटं, तीच घडी. आणि विडीचं पुढं काय होणार हा प्रश्न इथं कोणी मोठ्यानं विचारत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. विडी आरोग्याला वाईट, ती कमी व्हायलाच पाहिजे, हे आईलाही पटतं. मग या बोटांचं काय? सात्तूरच्या निब करणाऱ्या हातांना हाच प्रश्न पडला असेल. आम्ही वापरणाऱ्यांनी मात्र बॉलपेन घेतलं आणि विसरून गेलो.

घरात केलेली शस्त्रक्रिया

माझ्या पेनाचं काय झालं, ते आता सांगते.

पुण्यात शिकणाऱ्या माझ्या मैत्रिणीकडे पायलटचंच दुसरं पेन होतं. मेटलचं, एमआर नावाचं. त्याचं टोपण हरवल्यामुळे निब सारखी सुकायची, म्हणून ते कपाटात पडून होतं. मी शोधलं तेव्हा कळलं की काकुनो, एमआर, प्रेरा, प्लुमिक्स या पायलटच्या पेनांच्या निबा एकाच मापाच्या आहेत, एकातली दुसऱ्यात बसते. कंपनी निब सुटी विकत नसली तरी एका पेनातून काढून दुसऱ्यात घालता येते. मैत्रिणीनं पेन पाठवून दिलं.

तुम्हाला करायचं असेल तर नीट वाचा. आधी शाईची नळी काढा आणि पुढचा भाग साध्या पाण्यानं धुवा, पाणी निवळ येईपर्यंत. गरम पाणी नको, प्लॅस्टिक वाकडं होतं. मग निब आणि तिच्या खालची जीभ दोन्ही एकदम चिमटीत धरा. घसरत असेल तर रबराचा तुकडा घ्या. पिळायचं नाही, हलवायचं नाही, सरळ पुढं ओढायचं. जोडी बाहेर येते. दुसऱ्या पेनाचीही तशीच काढा. निब जिभेवर बरोबर मधोमध बसली पाहिजे, चीर जिभेच्या मधल्या खाचेच्या रेषेत. मग आत जाताना जी बाजू सहज बसते तीच धरा आणि सरळ आत दाबा. जोर लागतोय म्हणजे काहीतरी चुकतंय, थांबा. पक्कड तर अजिबात वापरू नका.

मी पहिल्यांदा ओढली तेव्हा हात थरथरत होते. आईनं सुपावरून मान वर केली. "काय करायलीस गं? मोडशील की."

"मोडलेलंच आहे आई."

तिनं हात पुसले आणि पेन घेतलं. अंगठा आणि पहिलं बोट, जशी विडीचं तोंड दुमडते तसं. एका दमात जोडी बाहेर. मला म्हणाली, "यात काय एवढं?"

मैत्रिणीच्या पेनातली निब जरा वेगळी होती, टोक बारीक गोल नव्हतं, थोडं रुंद आणि सपाट होतं. ती माझ्या पेनात बसवली, शाई भरली आणि आईचं नाव लिहिलं. काना भरदार आला, शिरोरेघ बारीक. माझं रोजचं अक्षर जपानी बारीक निबनं तारेसारखं दिसायचं. या सपाट टोकानं त्याला वळण आलं, थोडंसं बोरूसारखं. बोरूचं टोक आपल्या लिपीसाठी तिरकं छाटतात, हे तसं नाही, पण नातं कळतं.

फक्त हसरा चेहरा गेला. तो जुन्या निबवर होता. ती निब मी टाकली नाही, काड्यापेटीत ठेवलीय. पाती सरळ करायला शिकणार आहे.

मग निब कुणाची?

तर, काकांनी विकलं नाही ते मला का मिळत नव्हतं? माझ्या मते उत्तर असं आहे. स्वस्त निब झिजायची म्हणून सुटी मिळायची. आजची जपानी निब पोलादाची असली तरी टोकावर कडक कण असतो, ती वर्षानुवर्षं चालते. म्हणून ती बदलायची रीतच उरली नाही. वस्तू चांगली झाली आणि तिच्याविषयीचं आपलं ज्ञान कमी झालं. दोन्ही एकदम झालं.

आणि अजून एक. २०११ मध्ये कोकुयो या जपानी कंपनीनं कॅम्लिनमधला मोठा हिस्सा घेतला. गिरगावची घोडा छाप शाई आज जपानी घराण्यात आहे. यात रडण्यासारखं काही नाही, धंदा असाच चालतो. पण नामिकींनी कंपनीच्या आधी निब केली, हे मला विसरता येत नाही. ज्याला वस्तूतला सगळ्यात लहान, सगळ्यात अवघड भाग करता येतो, त्याला सोनं बंद झालं तर पोलादावर जाता येतं. सात्तूरच्या हातांना ते कसब होतं. राजमहेंद्रीच्या सोनाराला होतं. माझ्या आईच्या बोटांत आहे, फक्त तिला कोणी निब दिली नाही.

हा भाग मी त्याच पेनानं आधी कागदावर लिहून काढला. सात पानं झाली, कुठंही शाई अडली नाही.

तुमच्या घरात आजोबांचं, मास्तरांचं, कुणाचंही बंद पडलेलं शाईपेन असेल तर टाकू नका. आधी साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. बरीच पेनं नुसती वाळलेल्या शाईनं अडलेली असतात. सकाळी निबची चीर उजेडात धरून बघा, पाती सरळ आहेत का. आणि घरात ज्यांनी कधीकाळी निब बदललीय, त्यांना शेजारी बसवून घ्या. त्यांना सांगायचं असतं, आपण विचारत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत लिहीत राहा.